आउटड्राइव्हचा रंग दर वर्षी फुगतोय, खालून पांढरी पूड निघते, काय करू?

दिवाळ्याचा_पोरगा
नमस्कार मंडळी. आमची १९ फुटी फायबरची बोट आहे, सेकंडहँड घेतलेली, पेट्रोल इंजिन आत आणि मागे आउटड्राइव्ह, म्हणजे पंखा लावलेला, पाण्यात उतरणारा अॅल्युमिनियमचा पाय, त्यालाच लेग म्हणतात. मी आणि माझा मावसभाऊ मिळून चालवतो, शनिवार-रविवारी गळाने मासे मारणारी मंडळी घेऊन जातो, थंडीत फ्लेमिंगो बघणारे असतात. बोट वर्षभर पाण्यातच बांधलेली, ओहोटीला गाळात बसते.
गेल्या वर्षी जूनमध्ये बोट वर काढली तेव्हा एका पेंटरकडून अख्खा लेग रंगवून घेतला होता, खाली बोटीला लावतो तोच लाल रंग लावला त्याने, शेवाळ आणि कालवं धरू नयेत म्हणून. दसऱ्याच्या आतच फोड यायला लागले. काल ओहोटीला चिखलात उतरून बघितलं, नखाने एक फोड उचकटला तर आतून ओल्या खडूसारखी पांढरी पूड, ती पुसली तर खाली तांदळाचा दाणा बसेल एवढा खड्डा. पंख्याच्या वरच्या आडव्या प्लेटच्या कडेला सगळ्यात जास्त आहे. लेगला गंजापासून वाचवायला बसवलेला जस्ताचा तुकडा असतो ना, ते झिंक मात्र वर्षभरात जराही झिजलं नाही, अगदी नव्यासारखं गुळगुळीत आहे, म्हणजे ते तरी चांगल्या क्वालिटीचं मिळालं म्हणायचं. आता रंग कुठला घेऊ? महागातला घ्यायची पण तयारी आहे.

जुना_मिस्त्री_ठाणे
भाऊ, रंगाचं नंतर बोलू. झिंक झिजलं नाही हीच खरी वाईट बातमी आहे. झिंक झिजण्यासाठीच असतं, ते झिजत नाही म्हणजे त्याच्या जागी तुमचा लेग झिजतोय. पुढच्या ओहोटीला जाऊन एकच बघा, झिंकवर रंग मारलाय का, आणि झिंक काढून त्याच्या मागे जिथे ते बसतं तिथे रंगाचा थर आहे का. झिंक आणि लेगचं अॅल्युमिनियम यांचा धातूला धातू संपर्क नसेल तर ते झिंक नुसतं वजन आहे. मल्टिमीटर असेल तर एक टोक झिंकला आणि एक लेगच्या उघड्या धातूला लावा, एक ओहमच्या आत यायला पाहिजे.
दुसरं, तो लाल रंग. बोटीच्या तळाला लावायच्या बहुतेक लाल अँटिफाउलिंगमध्ये, म्हणजे शेवाळ-कालवं रोखणाऱ्या रंगात, तांब्याचं ऑक्साइड असतं. फायबरला, लाकडाला ते चालतं. अॅल्युमिनियमवर लावलं आणि रंगाला कुठे बारीकशी चीर गेली की खाऱ्या पाण्यात तिथेच कुरतडायला सुरुवात होते. लेगसाठी तांबं नसलेलं अँटिफाउलिंग घ्यायचं, डब्यावर अॅल्युमिनियमला चालतं असं स्पष्ट लिहिलेलं असेल तेच. आणि बोटीच्या मागच्या फळीवर ड्राइव्हभोवती दीड इंच पट्टा तांब्याच्या रंगाशिवाय सोडा.

दिवाळ्याचा_पोरगा
काका तुम्ही म्हणालात तसंच निघालं. मोठ्या झिंकवर रंग नव्हता पण काढलं तर मागे लाल रंगाचा जाड थर, बोल्टच्या भोकात सुद्धा. मीटर काहीच दाखवत नाही, सर्किट तुटल्यासारखं. आणि आत दोन छोटे झिंक होते ते पूर्ण रंगवलेले. वाईट वाटलं खरं, पैसे गेल्याचं नाही, वर्षभर आम्हाला वाटत होतं सगळं नीट आहे.

रसायनवाल्या_बाई
मी कॉलेजला केमिस्ट्री शिकवते, बोटीचं मला फारसं कळत नाही पण हा धागा वाचून राहवलं नाही. मुलं दर वर्षी एक प्रश्न विचारतात, की पुस्तकातल्या विद्युत-विभवाच्या तक्त्यात (जितकं जास्त उणे तितका धातू क्रियाशील) अॅल्युमिनियम उणे १.६६ व्होल्ट आणि झिंक उणे ०.७६, म्हणजे अॅल्युमिनियम जास्त क्रियाशील, मग झिंक त्याला कसं वाचवेल? तर तक्ता शुद्ध धातूचा आहे. प्रत्यक्षात अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पापुद्रा लगेच धरतो आणि समुद्राच्या पाण्यात क्रम उलटा होतो, झिंक जास्त क्रियाशील ठरतं आणि स्वतः विरघळून लेगला वाचवतं. हा पापुद्रा खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे जिथे फाटतो तिथे खड्डा पडतो, आणि जवळ तांबं असेल तर वेग खूप वाढतो.
आणखी एक, पावसाळ्यात तुमच्या खाडीचं पाणी बरंच गोडं होतं ना? गोड्या पाण्यात झिंकवर कडक थर धरतो आणि ते काम करेनासं होतं, नंतर पाणी परत खारट झालं तरी सुस्तच राहतं. म्हणून निमखाऱ्या पाण्याला अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे अॅनोड (झिंकसारखेच स्वतः झिजणारे तुकडे) बरे, त्यात जरासं इंडियम घातलेलं असतं ज्यामुळे पापुद्रा टिकत नाही. शेवाळावर कॉस्टिक सोडा किंवा आम्ल चोळून धुवायचा सल्ला कुणी दिला तर मात्र ऐकू नका, दोन्ही अॅल्युमिनियमला खातात.

ऐरोलीचा_रंगारी
मॅडम छान सांगितलं. आमच्याकडे खाडीच्या आतल्या टोकाला तर जुलैमध्ये पाणी चाखून बघितलं तरी खारटपणा कमी लागतो.
आता रंगाचं, कारण भाऊंनी तेच विचारलंय. सगळे मासेमारीबंदीची वाट बघतात, १ जून ते ३१ जुलै बोट वर असते म्हणून तेव्हा रंगकाम काढतात. मला विचाराल तर रंगाला याच्याइतका वाईट वेळ नाही. हवेत ८५ टक्क्यांच्या वर दमट असताना इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा रंग) मारलं की वर तेलकट चिकट थर येतो आणि पुढचा हात त्यावर धरत नाही. तुमचा रंग दसऱ्याच्या आत फुगला त्यात तांबं आणि झिंक आहेच, पण जूनच्या पावसात मारलेला असणार हे मी पैजेवर सांगतो. बोट मेच्या दुसऱ्या आठवड्यात वर काढा, सकाळचं दव उडाल्यावर अकरा ते तीन काम करा.
आधी गोड्या पाण्याने जोरात धुवा, मीठ सगळं निघालं पाहिजे, मग थिनरने तेलाचा डाग पुसा. पांढरी पूड एक कण ठेवू नका, पूड राहिली की तिथूनच परत फुगणार, ८० नंबरचा पॉलिश पेपर आणि मग १२०, चकचकीत धातू दिसेपर्यंत. लोखंडी तारेचा ब्रश अजिबात नको, लोखंडाचे कण अॅल्युमिनियममध्ये रुततात. खड्ड्यात इपॉक्सी पुटी भरा, ती सुकली की परत घासा. घासल्यापासून तासाभरात प्रायमरचा पहिला हात गेला पाहिजे, चहाला जाऊन दुपारी परत येऊ असं करू नका, तोपर्यंत पापुद्रा परत जाड होतो. रेड ऑक्साइड प्रायमर लोखंडाचं आहे, दुकानदार देईल तरी घेऊ नका. अॅल्युमिनियमला चालणारं इपॉक्सी प्रायमर, दोन हात, मग वरचा रंग, शेवटी तांबं नसलेलं अँटिफाउलिंग. सगळं एकाच कंपनीचं घ्या म्हणजे एक दुसऱ्यावर बसतं.
टेप लावायची ठिकाणं: झिंक आणि त्यांची बैठक, पाणी ओढायची जाळी, ड्राइव्ह वर-खाली करणाऱ्या सिलिंडरचे चकचकीत दांडे, पंख्याचा शाफ्ट आणि ती रबराची घडीची नळी. रबराला रंग लागला की कडक होऊन तडकतं.

जुना_मिस्त्री_ठाणे
त्या रबरी नळीच्या घड्या बोटाने उघडून आत बघा हो, नुसतं वरून नाही. ती फाटली तर बोट जागेवर बुडते, रंगाचं कोणी विचारणार नाही. आणि बोट वर असताना लेगचं गिअर ऑइल थोडं सोडून बघा, दुधासारखं पांढरट आलं तर सीलमधून पाणी जातंय, आधी ते काम.

दिवाळ्याचा_पोरगा
नोंद केलं सगळं. एक शंका, आमच्याकडे रात्री चार्जरची वायर जेट्टीवरून बोटीत घेतो, त्याचा काही संबंध?

जुना_मिस्त्री_ठाणे
आहे. अर्थच्या वायरने तुमचा लेग बाजूच्या बोटींशी आणि जेट्टीच्या लोखंडाशी जोडला जातो, मग तुमचं झिंक सगळ्यांसाठी झिजतं. अर्थ वायर कापायची नाही, जिवावर बेतेल. अर्थ वायरमधून जाणारा हा गंजाचा बारीक प्रवाह अडवणारा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर मिळतो तो बसवा, नाहीतर बॅटरी घरी नेऊन चार्ज करा. नवे अॅनोड निम्मे झाले की बदला, पूर्ण संपायची वाट बघू नका.

दिवाळ्याचा_पोरगा
बॅटरी घरीच नेईन मग. परवा भांग, म्हणजे छोटी भरती आहे, पाणी फार वर येणार नाही, पुढच्या उधाणाला बोट ओढतो वर. खड्डे घासून झाले की फोटो टाकतो, पुटी भरायच्या आधी तुम्ही एकदा बघा, प्लेटच्या कडेचा एक खड्डा खोल वाटतोय.