पाचट जाळणारा शेतकरी अडाणी नाही

दूधगंगाकाठ, सदलगा परिसर :
काल एका निवृत्त मृदाशास्त्रज्ञांनी लिहिले की, उसाचे पाचट, म्हणजे वाळलेला पाला, पेटवणारा शेतकरी स्वतःच्या जमिनीचा वैरी असतो आणि त्यामागे अज्ञान हे एकमेव कारण असते. 'वैरी' मी सोडून देतो, पण 'एकमेव कारण' सोडता येत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आमच्याकडे पाचट पेटते ते शेतकऱ्याच्या मनात आले म्हणून नव्हे, तर ऊसतोड टोळी फडात उतरली म्हणून. ऊस तुऱ्याला येऊन आडवा पडलेला असतो, कारखान्याच्या तोडचिठ्ठीसाठी महिनाभर हेलपाटे झालेले असतात आणि अशा वेळी टोळीचा मुकादम बांधावर उभा राहून सांगतो की, पाला साळत (सोलून काढत) बसलो तर दिवसाला निम्माच ऊस निघेल, तेव्हा पेटवून द्या, नाहीतर आम्ही पुढच्या फडात जातो. पेटवले तर जळीत ऊस म्हणून दरात कपात होते आणि न पेटवले तर टोळीला एकरी खुशाली (मजुरीखेरीज वरचे पैसे) मोजावी लागते. यात अज्ञान कोठे आले? तोडणीनंतरही सुटका नाही, कारण शेतीपंपाची वीज बहुधा रात्रीच मिळते. पाचटाने भरलेल्या सरीत पाणी अडते, खालून वाट काढून शेजारच्या सरीत फुटते, ते कोठे फुटले हे बॅटरीच्या उजेडात कळत नाही आणि घोणशीच्या भीतीने पाचटात हात घालवत नाही. ज्यांनी रात्रीचे पाणी पाजलेले नाही, त्यांनी आम्हाला वैरी ठरवू नये.

निवृत्त मृदाशास्त्रज्ञ, बेळगाव :
मूळ मत माझेच आहे. 'एकमेव' हा शब्द मी मागे घेतो, बाकीचे घेत नाही. एकरी 3 ते 4 टन पाचट निघते आणि त्यात अर्धा टक्का नत्र (नायट्रोजन) धरले तरी 15 ते 20 किलो नत्र काडी लावताच हवेत जाते. पालाश (पोटॅश) राखेत उरते हे मान्य आहे, पण ती राख वाऱ्याबरोबर बांधापलीकडे जाते. खरी हानी सेंद्रिय कर्बाची, म्हणजे कुजलेल्या पाल्यातून जमिनीत मिसळणाऱ्या कर्बाची आहे आणि तो कोणत्याही पोत्यात विकत मिळत नाही. पाण्याच्या अडचणीवर उपाय जुनाच आहे : पाचट एकआड एक सरीत दाबावे, मोकळ्या सरीतून पाणी द्यावे, तोडलेल्या उसाचे बुडखे जमिनीलगत छाटून उघडे ठेवावेत आणि टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट व 1 किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकावेत.

खोडवा, रायबाग तालुका :
सर, आपलाच हिशेब पुढे नेतो. 4 टनांना 32 किलो युरिया आधी टाकायचा आणि वाचणार 20 किलो नत्र, म्हणजे सुमारे 43 किलो युरिया. 45 किलोचे पोते 266 रुपये 50 पैशांना मिळते. एका पोत्यासाठी पाऊण पोते खर्चून वर दाबणीची मजुरी द्यावी, असा आपला सल्ला आहे काय?

दुसरे असे की, हा सल्ला तरी आमच्यापर्यंत पोहोचतो कसा? आम्ही मराठी, पण माझे माती परीक्षणाचे कार्ड कन्नडमध्ये आहे आणि कर्नाटक कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रातील माहितीपत्रकही कन्नडमध्येच असते. माझे वडील आयुष्यभर शेती करून त्यातील एक ओळ वाचू शकले नाहीत. आम्ही सल्ला घेतो तो कोल्हापूरकडचा, अनुदान मागतो ते कर्नाटकाकडे आणि दोन्हींचा मेळ बसत नाही.

निवृत्त मृदाशास्त्रज्ञ, बेळगाव :
टाकलेला युरिया वाया जात नाही. पाचट कुजवणारे जिवाणू ते नत्र आधी स्वतःच्या शरीरात घेतात आणि पुढे पिकाला परत देतात. तो टाकला नाही तर ते जमिनीतील नत्र ओढतात, खोडवा (बुडख्यांतून फुटलेले पुढचे पीक) पिवळा पडतो आणि शेतकरी पाचटाला दोष देऊन पुढच्या वर्षी काडी लावतो. ही चूक मी गावोगाव पाहिली आहे.

अथणीची शेतकरीण :
रायबागच्या दादांना माझे सांगणे आहे की, भाषेची सबब आता पुरे झाली. माझेही माहेर मराठी आहे, पण घरातील मुले शाळेत कन्नड शिकतात आणि सासऱ्यांना कार्ड वाचून दाखवतात. सामू (पीएच), क्षारता आणि कर्ब यांचे आकडे दोन्ही भाषांत तेच असतात. आमच्या गावात कन्नड शेतकरीही पाचट जाळतात आणि त्यांना तर पत्रक वाचता येते. उणीव आहे ती बांधावर येऊन दाखवणाऱ्या माणसाची.

खोडवा, रायबाग तालुका :
ताई, 'सबब' हा शब्द मला लागला. कीटकनाशकाची मात्रा चुकीची समजल्याने आमच्या भावकीतील एकाचे दोन एकर टोमॅटो करपले. त्या वेळी घरात कन्नड वाचणारे मूल नव्हते. शेतकऱ्याने नातवंडांकडून शेती वाचून घ्यावी, असे आपण सुचवत असाल तर आपल्याला आमच्या वयाची माणसे ठाऊक नाहीत.

निपाणीचा वकील, शेती तंबाखू आणि ऊस :
येथे भावनेपेक्षा नियम पाहावा. केंद्र सरकारच्या 1956 च्या भाषिक अल्पसंख्याकविषयक निवेदनानुसार जेथे अल्पसंख्याक भाषकांचे प्रमाण 15 टक्के किंवा अधिक आहे, तेथे महत्त्वाच्या शासकीय सूचना त्यांच्या भाषेत प्रसिद्ध व्हायला हव्यात. निपाणी, खानापूर आणि बेळगाव तालुक्यांत हे प्रमाण किती आहे, ते वेगळे सांगायला नको. माती परीक्षण कार्डाची योजना 2015 ला सुरू झाली, तेव्हाच द्विभाषी कार्ड मागायला हवे होते. ते कोणी मागितले नाही, कारण आमच्या सभांमध्ये सीमाप्रश्न असतो, शेतीप्रश्न नसतो.

अथणीची शेतकरीण :
द्विभाषी कार्डाला माझा विरोध नाही आणि टोमॅटोचे वाचून वाईट वाटले. परंतु कार्ड मराठीत आल्यावर मुकादम पेटवायला सांगणार नाही काय, याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

दूधगंगाकाठ, सदलगा परिसर :
ताईंनी विषय जागेवर आणला. 2025 च्या नोव्हेंबरात बेळगाव जिल्ह्यातील गुर्लापूर क्रॉसवर ऊसकरी आंदोलनाला बसले, टनाला 3,500 रुपये दर मागितला आणि 3,300 वर तोडगा निघाला. मीही तेथे होतो. दराबद्दल घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या, पण न जाळता तोडणाऱ्या टोळीला जादा मजुरी कोणी द्यावी, हा विषय एकाही भाषणात ऐकला नाही. पाला साळण्याचे कष्ट टोळीने करायचे, फायदा जमिनीचा आणि मजुरी तीच, मग ती माणसे काडी का लावणार नाहीत? बीडहून येऊन थंडीत पाचटाच्या खोपीत राहणाऱ्या बाईला सेंद्रिय कर्ब समजावून सांगण्याचे धैर्य माझ्याजवळ नाही.

उगारकडचा, कृष्णाकाठ :
सरांचा सल्ला सर्व जमिनींना सरसकट लागू होत नाही, हेही नोंदवावे. आमच्या काळ्या जमिनी जादा पाण्याने क्षारपड झाल्या आहेत, वर पांढरा थर दिसतो आणि वाफसा (मशागतीजोगा ओलावा) महिनोन्‌महिने येत नाही. तेथे पाचट दाबले की ते कुजत नाही, आंबते. शिवाय हुमणीचा (मुळे खाणाऱ्या अळीचा) त्रास वाढतो, असा आमच्या भागातील अनुभव आहे.

निवृत्त मृदाशास्त्रज्ञ, बेळगाव :
चिबड, म्हणजे पाणी साचून राहणाऱ्या जमिनीबद्दल आपले म्हणणे योग्य आहे. तेथे आधी निचरा हवा. शिरोळ तालुक्यात सच्छिद्र पाइप जमिनीखाली टाकून जी कामे झाली, ती पाहून यावीत. निचरा झाल्यावर मात्र पाचटाचे आच्छादन उपयोगीच पडते, कारण बाष्पीभवन कमी झाले की खालचे क्षार वर येण्याचे प्रमाणही घटते. हुमणीबाबत मात्र मी सहमत नाही. ती अळी जमिनीत खोल असते आणि वरच्या जाळाने मरत नाही. वळवाचा पहिला पाऊस पडल्यावर तिचे भुंगेरे संध्याकाळी कडुलिंब आणि बाभळीवर जमतात, तेव्हा फांद्या हलवून ते गोळा करून मारावेत. हे काम एकट्याने करून भागत नाही, सगळ्या शिवाराने करावे लागते.

दूधगंगाकाठ, सदलगा परिसर :
विहिरीखालच्या रानात या खोडव्याला एकआड एक सरी पाचट ठेवतो, इतके मान्य करतो. नदीकाठच्या रानात ठेवणार नाही. तेथला ऊस मार्चअखेर तुटतो, जुलैच्या पुरापर्यंत पाचट पुरते कुजत नाही आणि 2019 ला तेच वाहून येऊन शेजाऱ्याच्या कोपऱ्यात कमरेएवढे साचले होते. त्यावरून झालेले भांडण अजून मिटलेले नाही.

खोडवा, रायबाग तालुका :
मी यंदाही जाळणार आहे. पाचट बारीक करणाऱ्या कुट्टी यंत्राचे भाडे, युरिया आणि मजुरी यांचा एकरी खर्च कारखान्याने उचलला किंवा न जाळलेल्या उसाला टनामागे काही जादा दिले, तर सरांच्या पद्धतीने दोन एकर करून दाखवीन. माहितीपत्रक कोणत्या भाषेत आले तरी चालेल, वाचून घेईन.