केस शाबूत, पण आत काय?

उभी ठेवलेली गिटारची केस मागे आडवी पडली, फक्त एक कडी वाकली, म्हणून काळजी नाही असं एकाने लिहिलंय. कृपया आधी उघडून बघा! अशा पडण्यात केसवर ओरखडाही उठत नाही आणि आत मान खुंट्यांपाशी तडकू शकते. स्टीलच्या सहा तारांचा मिळून साधारण ७० किलोचा ताण तिथे असतो; पडताना शेंडा (मानेच्या टोकाचा खुंट्यांचा भाग) मागे झेपावतो आणि सगळा झटका त्याच अरुंद जागी बसतो. माझ्या गिटारचं हेच झालं, फार जीव तुटला. आता मानेखाली मऊ कापडाची गुंडाळी ठेवते, शेंडा मात्र केसच्या तळाला टेकू देत नाही. आणि ती वाकलेली कडी ठोकून सरळ करू नका, बदलाच. ठोकलेली कडी ऐन जिन्यात उघडते.