खिडकीला गज आहेत तर भीती कसली?

चालत्या रेल्वेतून डोकं बाहेर काढू नका म्हटलं, तर कोणी तरी लिहिलंय की आपल्या रेल्वेगाड्यांच्या खिडक्यांना गज असतात, मग डोकं बाहेर जाणार कुठून. अहो भाऊ, प्रत्येक डब्यात इमर्जन्सी विंडो असते ना, तिला आडवे गज नसतात, अन् पोट्टे नेमके तीच सीट धरतात. बाकीचे दारात लटकतात, ते वेगळंच.

थोडा हिशेब सांगतो. एलएचबी म्हणजे नव्या पद्धतीचा डबा साधारण ३.२४ मीटर रुंद, म्हणजे दोन रुळांच्या मधापासून डब्याची कड १.६ मीटरवर. विजेचा खांब त्याच मधापासून अडीच-पावणेतीन मीटरवर. उरलं किती, मीटरभर! त्यात वळणावर गाडी झुकते, आणि जुन्या गर्डर पुलावर तर लोखंड अजूनच जवळ येतं. ११० च्या स्पीडला गाडी सेकंदाला ३० मीटर जाते, अन् दोन खांबांतलं अंतर जास्तीत जास्त ७२ मीटर, म्हणजे दर अडीच सेकंदाच्या आत एक खांब. तुम्ही मागे तोंड करून सेल्फी काढत असाल तर दिसणार काय, डोंबल?

नागपूरहून इटारसीकडे जाताना बैतूलच्या पुढे घाट अन् बोगदे लागतात, तिथे हमखास कोणी ना कोणी दारात मोबाईल घेऊन उभा असतो. मागच्या पावसाळ्यात मी एका पोराला कॉलर धरून आत ओढलं तर तो मलाच म्हणे, काका व्हिडिओ खराब केला. बरं बाबा, सॉरी म्हटलं.

लहान लेकरू सोबत असेल तर त्या इमर्जन्सी खिडकीशी स्वतः बसा, त्याला मधे बसवा.