मदत हवी आहे: आयुष्याचा ताळेबंद मांडला, पण बेरीज हलत नाही

हिशेबी

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

वय ४३, नोकरी लेखा विभागात. घरात नवरा आणि बारा वर्षांचा मुलगा. आई जाऊन तीन वर्षं झाली, बाबा एकटे राहतात. त्यांची तब्येत ठणठणीत आहे, म्हणजे तेच तसं सांगतात.

चार महिन्यांपूर्वी ऑफिसातल्या एका प्रशिक्षणात आमच्याकडून 'व्हील ऑफ लाइफ' करून घेतलं. पॉल मेयर नावाच्या अमेरिकन माणसाच्या नावावर ही पद्धत सांगतात. एक वर्तुळ काढायचं, त्याचे आठ भाग पाडायचे, मधला बिंदू शून्य आणि कड म्हणजे दहा. प्रत्येक भागात आपण किती समाधानी आहोत त्याचे गुण द्यायचे आणि टिंबं जोडायची. आकार वाटोळा आला तर गाडी नीट चालेल, वेडावाकडा आला तर धक्के बसणार, असं त्या बाईंचं म्हणणं.

माझे भाग आणि गुण असे होते: काम ८, पैसा ७, तब्येत ३, नवरा ५, मुलगा ६, बाबा ८, मैत्रिणी २, स्वतःचं काही १. एकूण ४०. आकार बघून शेजारची म्हणाली, "अगं, हे चाक आहे की चावलेलं बिस्किट?"

मनाला लागलं. घरी येऊन एक्सेल उघडलं (सवय!) आणि ठरवलं की सगळीकडे ७ आणायचे. टाइमटेबल केलं. पहाटे पाचला उठून व्यायाम. बुधवारी मैत्रिणींशी व्हिडिओ कॉल. रोज रात्री अर्धा तास पेटीचा रियाज, जो लग्नाआधी सुटला होता. शनिवारी चार ते सहा फक्त मुलासाठी. दर रविवारी रात्री नव्याने गुण द्यायचे.

मागच्या रविवारचे गुण: काम ६, पैसा ७, तब्येत ४, नवरा ४, मुलगा ५, बाबा ८, मैत्रिणी ४, स्वतःचं काही ३. एकूण ४१.

चार महिने जिवाचा आटापिटा केला आणि कमाई एक गुण. वर बँकेच्या स्टेटमेंटशी मेळ घालताना एक एंट्री दोनदा घेतली, जे माझ्या हातून पंधरा वर्षांत झालं नव्हतं. शनिवारी तर कहर झाला. दोन तास मोजायला मी मोबाइलवर अलार्म लावायचे. आम्ही पत्ते खेळत होतो, अलार्म वाजला, आणि मी काही बोलायच्या आत पोरानं हातातले पत्ते गोळा करायला घेतले. "आई, वाजला तुझा," म्हणाला. डाव त्याच्या बाजूने लागत होता.

तर विचारायचंय असं:

सगळीकडे सारखे गुण आणायचे हे मुळात बरोबर आहे का? गुण देताना मी स्वतःला फसवत असेन तर ते कसं ओळखायचं? आणि काय सोडायचं हे तुम्ही कसं ठरवता? 'प्राधान्यक्रम ठरवा' हे सांगू नका प्लीज, ते भिंतीवर लिहिलेलं आहे.

आगाऊ धन्यवाद.

निवांतपणा

आधी झोपा. बाकीचं उद्या.

तिरकाकोन

निवांतपणा +१.

मला त्या चित्राबद्दलच बोलायचंय. गणित शिकवतो, त्यामुळे राहवत नाही.

चाकाचा आकार डोळ्यांना फसवतो. एक म्हणजे क्षेत्रफळ वर्गाने वाढतं. सगळीकडे ५ असलेलं चाक सगळीकडे १० असलेल्याच्या निम्मं दिसायला हवं ना? ते दिसतं पाव. म्हणून मधले गुण मिळालेला माणूस चित्र बघून उगीच खचतो.

दुसरी गंमत क्रमाची. आठ समान कोन असतील तर आतलं क्षेत्रफळ शेजारच्या गुणांच्या गुणाकारांवर ठरतं. तुमचे पहिले गुण लिहिलेल्या क्रमाने घेतले (८×७, ७×३, असं करत शेवटी १×८) तर त्या गुणाकारांची बेरीज १९६ येते. तेच आकडे २, ८, १, ८, ३, ६, ५, ७ असे मांडले की १५३. म्हणजे आयुष्य तेच, पण कप्प्यांची जागा बदलल्यावर चाक पाचव्या हिश्शाहून जास्त आक्रसलं. तेव्हा चावलेलं बिस्किट वगैरे मनावर घेऊ नका. साध्या आडव्या पट्ट्या काढा.

हिशेबी

@तिरकाकोन, हे भारी आहे! पट्ट्या काढल्या. बिस्किट गेलं, आता तुटक्या दातांचा कंगवा दिसतोय.

@निवांतपणा, हसू नका, पण झोप हा भाग माझ्या आठांमध्ये नव्हताच.

निवांतपणा

तेच तर. मी चेष्टा करत नव्हते. आठवड्याचे तास १६८, त्यात कोणाला एकही वाढवून मिळत नाही. तुमचा गुणांचा तक्ता आहे, तासांचा आहे का? पहाटे पाचचा व्यायाम, रात्रीचा रियाज, हे तास कुठून आणलेत?

व्यायामाचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय, भरभर चालणंही त्यात धरतात. आठवड्याची मिनिटं १०,०८०. म्हणजे कमीत कमी दीड टक्का. ते दिवसात कुठेही तुकड्यातुकड्याने बसतं, त्यासाठी पहाटेचा बळी देऊ नका. झोप मात्र प्रौढांनी नियमित सात तास तरी घ्यावी असं अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या दोन संस्थांनी २०१५ मध्ये एकत्र सांगितलंय.

कोरीपाटी

मला हे सगळं प्रकरणच अनाकलनीय वाटतं. मुलाबरोबर पत्ते खेळायचे आणि त्याला दहापैकी गुण द्यायचे? आमचे आजोबा कधी चाकं काढत बसले नव्हते.

हिशेबी

@कोरीपाटी, पटतंय हो थोडंसं. पण न मोजता राहिले होते तेव्हाच मैत्रिणी २ वर आल्या. कधी आल्या ते कळलंही नाही.

@निवांतपणा, काल रात्री बसून तासांचा हिशेब केला. १६८ तासांतून झोप साडेपाच तासांप्रमाणे ३८.५, काम ५४, जाणं-येणं १०, घरकाम २१. उरले ४४.५.

आता खरी गोष्ट. चार महिन्यांपूर्वी मी सात तास झोपायचे, आठवड्याचे ४९. फरक साडेदहा तास. टाइमटेबलमध्ये नव्याने घातलेल्या गोष्टींची बेरीज केली: पाऊण तास व्यायाम सहा दिवस म्हणजे ४.५, रियाज ३.५, व्हिडिओ कॉल अर्धा, शनिवारचे २. साडेदहा. पैशापैशाला जुळलं! आयुष्यात पहिल्यांदा ताळा जुळल्याचं वाईट वाटलं. सगळा नवा खर्च मी एकाच खात्यातून केला होता, आणि ते खातं वहीत उघडलेलंच नव्हतं.

लालशाई

उशिरा आलो धाग्यावर. ताई, मी निवृत्त ऑडिटर, त्यामुळे तुमच्या भाषेत बोलतो.

तासांचं झालं ते छान झालं. पण तुमच्या गुणांवर मी सही करणार नाही. कारण सांगतो. येणेकऱ्यांची बाकी तुमच्या वहीत ८ दिसते म्हणून ऑडिटर ती ८ धरतो का? समोरच्या पार्टीकडून बॅलन्स कन्फर्मेशन मागवतो. तुम्ही नवरा ५, मुलगा ६, बाबा ८ असे आकडे एकट्या बसून टाकलेत. यातली एक तरी बाकी पार्टीला विचारून पक्की केलीय?

मला सगळ्यात जास्त खटकतोय तो बाबांचा ८. पैसा सोडला तर बाकी सगळे आकडे चार महिन्यांत हलले, हा आहे तिथेच. वर्षानुवर्षं जी बाकी जशीच्या तशी पुढे ओढली जाते, तिथे आम्ही आधी बोट ठेवतो. मोबाइलमधली कॉलची यादी बघा. किती फोन, किती मिनिटं, कोणी केले. ते मूळ व्हाउचर आहे, त्याला भावना नसतात.

दुसरं, सगळीकडे ७ कशाला? प्रत्येक भागापुढे दोन रकाने करा: आज किती, आणि सध्याच्या काळात किती पुरे. मूल लहान असताना पेटी ३ वर पुरे असेल तर १ आणि ३ मधला फरक दोनच आहे. तुम्ही तो ७ शी लावून सहाचा करून बसलात. जिथे फरक सगळ्यात मोठा तिथेच आधी जायचं असंही नाही. ज्या एका खात्यामुळे बाकीची चार बिघडतात ते आधी, आणि ते तुम्हाला सापडलंय.

तिसरं, दर रविवारी गुण देऊ नका. रोज वजन करणाऱ्या माणसासारखं होतं ते. तीन महिन्यांनी एकदा पुरे.

अर्धविराम

लालशाई, काय प्रतिसाद दिलाय! साष्टांग.

हिशेबी, कामाचे ५४ तास नेहमीचे की क्लोजिंगपुरते, म्हणजे महिनाअखेरीस हिशेब बंद करण्यापुरते? विचारतेय कारण जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांचा २०२१ चा संयुक्त अभ्यास आहे. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांशी तुलना केली तर ५५ किंवा जास्त तासवाल्यांमध्ये पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त दिसला. घाबरवत नाहीये, पण तुम्ही उंबरठ्यावर आहात. आमच्या घरात हे जवळून पाहिलंय. जास्त लिहीत नाही.

हिशेबी

दोन आठवड्यांनी येतेय, माफ करा. कन्फर्मेशन मागवण्यात वेळ गेला.

आधी मुलगा. पट्ट्या दाखवून विचारलं, तू मला किती देशील? त्याने जराही विचार न करता सांगितलं, "रोज नऊ. शनिवारी चार." का, तर रोज रात्री मी भांडी आवरताना तो ओट्याला टेकून उभा असतो आणि शाळेतलं काहीबाही बोलत असतो, ते त्याला आवडतं. तो वेळ मी 'घरकाम' या रकान्यात धरला होता. शनिवारचा अलार्म काढून टाकलाय.

नवरा. तो म्हणाला गुणबिण माहीत नाही, पण चार महिने तू साडेनऊला बसल्याजागी डुलक्या घेतेस आणि मी एकटाच टीव्ही बघतो. त्याला माझा वेळ नको होता, मी जागी हवी होते. झोप सात तासांवर आणल्यावर यात आपोआप फरक पडला. पहाटेचा व्यायाम बंद केला आणि परत येताना दोन थांबे आधी उतरून चालत येते, साधारण पंचवीस मिनिटं. सहा दिवस धरले तर दीडशेचा हिशेब बसतो.

आता बाबा. महिन्याची यादी काढली. ३१ फोन. ते बघून क्षणभर बरं वाटलं, रोजचा एक! मग वेळ पाहिली. ३१ पैकी २४ फोन दोन मिनिटांच्या आतले. आणि २६ त्यांनी केलेले. मी तो ८ त्यांच्या बोटांनी कमावला होता. त्यांना आकडा विचारायचा धीर झाला नाही. त्या रात्री मीच फोन लावला. उचलल्या उचलल्या ते म्हणाले, "घाईत आहेस का?" रोज ते हेच विचारतात, मला वाटायचं बोलायची पद्धत आहे. नाही म्हटलं, तर पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग त्यांनी रेडिओ बंद केल्याचा आवाज आला. सदतीस मिनिटं बोललो. गुडघा दुखतोय हे तेव्हा कळलं, सहा महिने झालेत म्हणे. डॉक्टरांची वेळ घेतलीय.

वहीत बाबा आता ४ आहेत. एकूण बेरीज खाली आली, पण मी निदान खरा आकडा लिहिलाय.

@अर्धविराम, ५४ नेहमीचेच आहेत. साहेबांशी बोलले. क्लोजिंग सोडून इतर तीन आठवडे वेळेवर निघायचं ठरलंय. टिकतं का बघू, मला फारसा भरवसा नाही.

राहिल्या मैत्रिणी. 'किती पुरे' या रकान्यात काय लिहू तेच सुचत नाही. बुधवारच्या कॉलला सात जणी असतात आणि खरं सांगू का, कॉल संपला की सुटल्यासारखं वाटतं.

लालशाई

सातही बाक्या वसूल करायच्याच असं कुठे आहे? त्यात एखादी तरी असेल जिची खरंच उणीव भासते. तिचं खातं चालू ठेवा. बाकीच्यांना नमस्कार-चमत्कारापुरतं ठेवा, आणि जी खाती दोन्हीकडून थंड आहेत ती सरळ बुडीत लिहा. आमच्या धंद्यात त्यालाच स्वच्छ वही म्हणतात.

बाबांच्या गुडघ्याचं काय निघालं ते सांगा.

हिशेबी

एक आहे. ती त्या सात जणींत नाहीच. अकरा वर्षांपूर्वी एका फुटकळ कारणावरून बोलणं थांबलं, कारण आता मला नीट आठवतही नाही.

आत्ता तिला मेसेज टाकला. नुसतं "कशी आहेस?" एवढंच. दोन निळ्या रेघा दिसताहेत, उत्तर नाही अजून. आलं की इथे कळवते. गुडघ्याचंही.