सीव्हीत 'हार्डवर्किंग, टीम प्लेअर' सोडून काय लिहू?

रातपाळी_संपेना:
नमस्कार सगळ्यांना. इंटर्नशिप संपून दीड वर्ष झालं, त्यातलं एक वर्ष मेडिसिनमध्ये ज्युनिअर डॉक्टर म्हणून काम केलं आणि मग सहा महिने घरी होते कारण बाबांचं मोठं ऑपरेशन झालं आणि बघायला दुसरं कोणी नव्हतं. आता परत अप्लाय करतेय, चौदा ठिकाणी सीव्ही पाठवला पण एकाही ठिकाणाहून बोलावणं नाही. सीव्ही चार पानी आहे, सुरुवातीला ऑब्जेक्टिव्ह, मग शाळेपासूनचे मार्क, मग अनुभव. अनुभवात काय लिहायचं तेच कळत नाही हो, सगळे ज्युनिअर जे करतात तेच मी केलं, वॉर्ड, ओपीडी, रात्रीच्या ड्युट्या. एका केस रिपोर्टमध्ये (एका पेशंटच्या केसवरचा छापील लेख) तिसरं नाव आहे, कॉन्फरन्समधलं एक पोस्टर आहे. आणि तो सहा महिन्यांचा गॅप दिसू नये म्हणून फक्त वर्षं लिहू का, महिने गाळून?

जुना_फिजिशियन:
ऑब्जेक्टिव्ह काढून टाक आधी. मी निवड समितीवर बरीच वर्षं बसलोय, तो परिच्छेद वाचून कोणाला बोलावलंय असं एकदाही झालेलं नाही. शाळेचे मार्कही काढ. पहिल्या पानाच्या वरच्या अर्ध्या भागात मला नाव, फोन, रजिस्ट्रेशन कुठल्या कौन्सिलचं, नंबर काय, कधीपर्यंत व्हॅलिड, डिग्री कधी मिळाली आणि शेवटची पोस्ट कोणती एवढं दिसलं पाहिजे. मग अनुभव, नवीन आधी जुना नंतर.

आता तुझा खरा प्रश्न. सगळे तेच करतात हे बरोबर, पण किती आणि कोणाच्या भरवशावर केलं ते प्रत्येकाचं वेगळं असतं. 'वॉर्डचे पेशंट पाहिले' यातून मला काहीच कळत नाही. वॉर्ड किती बेडचा होता, ऑन कॉल दर कितव्या रात्री यायचा, रात्री नवीन ॲडमिशन पहिल्यांदा तू बघायचीस का, सीनिअर तिथेच असायचे की फोनवर, हे लिही. प्रोसिजरचंही तसंच. नुसतं 'लंबर पंक्चर' (कंबरेत मणक्यांमधून सुईने पाणी काढणं) लिहिलं तर एकदा लांबून पाहिलंय की वीस केलेत कसं समजायचं? पाहिले किती, देखरेखीखाली किती, एकटीने किती, असे तीन आकडे लॉगबुकमधून, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदवहीतून काढ. लॉगबुक कोणी मागितलं तर देताना पेशंटची नावं, केसपेपर नंबर त्यात नकोत, तिथे चुकलीस तर बाकी कितीही चांगलं असो, माणूस बिचकतो.

आणि फुगवू नकोस. एकाने चेस्ट ड्रेन (छातीत नळी घालणं) 'स्वतंत्रपणे' असं लिहिलं होतं, मी सहज विचारलं की ट्रँगल ऑफ सेफ्टीच्या, म्हणजे ती नळी घालायच्या सुरक्षित जागेच्या कडा सांग, तर गडी गप्प. मग पुढचं सगळंच आम्ही संशयाने वाचायला लागलो. 'दोन देखरेखीखाली' लिहिलं असतं तर तो प्रश्न त्याला विचारलाही नसता बहुतेक.

फायली_चाळणारी:
डॉक्टर नाही मी, एचआरमध्ये आहे, अर्ज आधी आमच्याकडेच येतात. मॅडम, महिने गाळू नका प्लीज. फक्त वर्षं दिसली की आम्हाला पहिली शंका हीच येते की मधे काहीतरी लपवलंय, आणि तुमच्या अनुभवाच्या सर्टिफिकेटवर तारखा असतातच ना, जुळवून बघताना फरक पडला की फाइल बाजूला. गॅप एका ओळीत लिहा, अमुक महिना ते अमुक महिना, घरातल्या आजारपणामुळे पूर्णवेळ घरी. कोणाचं ऑपरेशन, काय झालं, ते नको. त्या काळात एखादा कोर्स केला असेल तर खाली जोडा, नसेल केला तरी चालतं.

तारखेत महिना अक्षरात लिहा, कारण ०३/०४ म्हणजे कोणी तीन एप्रिल वाचतं कोणी चार मार्च. आणि दोन कॉलमवाली रंगीत टेम्प्लेट्स नकोत, काही ठिकाणी सॉफ्टवेअर सीव्ही वाचतं आणि त्याचा पार गोंधळ होतो. साधी पीडीएफ पाठवा.

रातपाळी_संपेना:
बापरे, माझी टेम्प्लेट दोन कॉलमचीच आहे 🙈 गॅपचं टेन्शन गेलं, थँक्यू. अजून एक, आमच्या वॉर्डात आम्ही एक ऑडिट केलेलं, अँटिबायोटिक लिहिताना कारण आणि कधी बंद करायचं ते केसपेपरवर लिहितात का. पण ते अर्धवटच राहिलं, मी निघाले. ते लिहू की नको?

आकडेमोड_ताई:
अगं लिही की! फक्त 'ऑडिटमध्ये सहभाग' असं लिहू नकोस, त्यातून वाटतं की नाव घालून घेतलंय. ऑडिट म्हणजे आधी स्टँडर्ड ठरवायचं, मग आपण कुठे आहोत ते मोजायचं, बदल करायचा आणि परत मोजायचं, तेव्हा फेरी पूर्ण होते. तुमची दुसरी मोजणी झाली नसेल तर सरळ 'पहिली फेरी पूर्ण, री-ऑडिट बाकी' लिही. केसपेपर किती तपासले, त्यात तू स्वतः काय केलंस, फॉर्म बनवलास की डेटा भरलास की विभागासमोर मांडलंस, आणि त्यामुळे काही बदललं का, म्हणजे निदान ड्रग चार्टवर तो कॉलम तरी आला का. आणि ते रिसर्च या हेडिंगखाली टाकू नकोस, बरेचजण टाकतात. ठरलेल्या स्टँडर्डशी ताडून बघणं हे ऑडिट, नवीन प्रश्नाचं उत्तर शोधणं हा रिसर्च. इंटरव्ह्यूत यातला फरक हमखास विचारतात.

केस रिपोर्टची नावं छापून आलेल्या क्रमानेच दे, स्वतःचं नाव बोल्ड केलं की झालं, पुढे सरकवू नकोस. पबमेडवर (वैद्यकीय लेखांची ऑनलाइन यादी) असेल तर त्याचा नंबर दे. 'इन प्रेस' फक्त जर्नलने स्वीकारल्यावरच लिहायचं, पाठवून वाट बघत असशील तर 'सबमिटेड'. पोस्टर वेगळ्या हेडिंगखाली. बीएलएस, एसीएलएस (हृदय बंद पडलेल्या पेशंटला वाचवायचे कोर्स) केलं असेल तर संपायची तारीख टाक, सहसा दोन वर्षांचीच मुदत असते आणि संपलेलं सर्टिफिकेट तसंच ठेवलेले सीव्ही मी खूप पाहिलेत.

रातपाळी_संपेना:
माझं एसीएलएस पुढच्याच महिन्यात संपतंय, बरं झालं सांगितलंत!! बसून सगळं बदललं, दोन पानांत आलं. सर, ही ओळ बघाल का: 'जनरल मेडिसिन, ३० बेडचा वॉर्ड, दर चौथ्या रात्री ऑन कॉल, नवीन ॲडमिशनची पहिली तपासणी आणि सुरुवातीचे उपचार स्वतः, सीनिअर फोनवर. लंबर पंक्चर: ५ पाहिले, ८ देखरेखीखाली, ३ एकटीने.' रेफरी म्हणून, म्हणजे माझ्या कामाबद्दल विचारायला, युनिटच्या मॅडमचं नाव टाकलंय.

जुना_फिजिशियन:
आता कळलं तू काय केलंस ते. 'सुरुवातीचे उपचार' जरा मोघम आहे, सेप्सिस (जंतुसंसर्गाने अवयव बिघडू लागणं), डीकेए (डायबेटिसमधली गंभीर अवस्था) असं जे खरंच हाताळलंस त्यातली दोन-तीन नावं घाल, पण त्यावर पाच मिनिटं बोलता आलं पाहिजे. मॅडमना विचारलंस का?

रातपाळी_संपेना:
नाही 😬 सहा महिन्यांनी एकदम फोन करून हेच मागायचं म्हणजे कसंतरी वाटतं.

जुना_फिजिशियन:
न विचारता नाव दिलंस आणि अचानक कोणाचा फोन गेला तर त्यांना जास्त कसंतरी वाटेल. आजच मेसेज कर, सोबत हा नवीन सीव्ही आणि कुठल्या पोस्टसाठी ते पाठव. आमच्या हाताखालून वर्षाला इतके ज्युनिअर जातात की चेहरा आठवतो, तारखा आठवत नाहीत.