हवामान धोरणातील नवोपक्रम : यंत्रे की नियम?

प्रश्न
स्थानिक स्वराज्य संस्थांचे हवामान कृती आराखडे वाचताना असे दिसते की, नवोपक्रम म्हटले की संवेदक (सेन्सर), ॲप आणि माहितीफलक यांचीच यादी पुढे येते. त्यांपैकी बरीच यंत्रे पुढे बंद पडतात. मग या धोरणात नवोपक्रमाचे खरे काम कोणते समजावे?

उत्तर १
स्वयंचलित पर्जन्यमापकाची बॅटरी संपल्यावर ती बदलण्याचा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचा, हेच अनेकदा ठरलेले नसते, कारण प्रायोगिक प्रकल्पाचा निधी खरेदीपुरताच मिळालेला असतो. म्हणूनच मला नॉर्वेची राजधानी ऑस्लोचे उदाहरण मोलाचे वाटते. तेथे २०१७च्या अंदाजपत्रकापासून पैशाच्या हिशेबासोबत हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाचाही हिशेब मांडला जातो आणि कोणता उपाय कोणी पार पाडायचा, हे त्यातच नमूद असते. यात यंत्र एकही नाही.

उत्तर २
मान्य, परंतु अंदाजपत्रकात उत्सर्जनातील घट लिहिली म्हणून खासगी इमारतीचा मालक हलत नाही, तेथे नियमच लागतो. स्पेनमधील बार्सिलोना शहराने २००० पासून ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक गरम पाणी लागणाऱ्या नव्या इमारतींना त्यासाठीची ६० टक्के ऊर्जा सूर्यापासून मिळवणे बंधनकारक केले. सौर तापक तेव्हाही जुनेच होते. बांधकाम परवानगीशी जोडलेली अट मात्र नवी होती.

उत्तर ३
दोन्ही उदाहरणे उत्सर्जन कमी करण्याची झाली, हवामानाच्या धोक्यापासून बचावाचेही एक घ्या. मे २०१०च्या जीवघेण्या उष्णतेनंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा आणला, त्यात तापमानाचा अंदाज येताच कोणत्या विभागाने रुग्णालयांना, कोणी पाणीपुरवठ्याला आणि कोणी नागरिकांना कळवायचे, हे आधीच वाटून दिलेले आहे. असल्या कामाला कोणी नवोपक्रमाचा पुरस्कार देणार नाही, हा भाग वेगळा.

प्रश्नकर्ता
आभार. मात्र निविदेत ‘समान स्वरूपाच्या कामाचा पूर्वानुभव’ ही अट असेल, तर नवे काम करणारा पात्रच ठरत नाही, त्याचे काय?

उत्तर १
अनुभवाची अट सैल करून परिणामाची अट घट्ट करावी. उदाहरणार्थ, पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचे काम असेल, तर कोणता पाइप, किती व्यासाचा, हे न लिहिता, तासाला अमुक मिलिमीटर पाऊस पडला तरी चौकात पाणी तुंबता कामा नये, असे लिहावे. पाच वर्षांची देखभाल त्याच करारात घालावी आणि अखेरचा हप्ता त्या मुदतीनंतरच द्यावा, म्हणजे बॅटरीचा प्रश्नही ठेकेदाराकडे जातो.