तंद्री लागते ती आवर्तनामुळे

सायकेडेलिक जॅझमध्ये, म्हणजे गुंगवून टाकणाऱ्या जॅझ संगीतात, चालच नसते आणि म्हणून ऐकताना गुंगी येते, असे काही श्रोते म्हणतात; हे मत मला अर्धेच पटते. अमेरिकन हार्पवादक ॲलिस कोल्ट्रेन यांच्या १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘जर्नी इन सच्चिदानंद’ या ध्वनिमुद्रिकेच्या शीर्षक-रचनेत चाल आहेच. फक्त ती सेसिल मॅकबी यांच्या बेसवर (खर्जाच्या तंतुवाद्यावर) पुन्हा पुन्हा फिरत राहते, खाली तंबोरा अखंड घुमतो आणि त्या स्थिर स्वरावर हार्पचे झंकार व फॅरो सँडर्स यांचा सॅक्सोफोन हवे तसे भटकतात. पुढे काय येणार याची वाट पाहणे मन काही वेळाने सोडून देते आणि लक्ष स्वरांच्या पोताकडे वळते. तंद्रीचे मूळ मला तरी येथेच दिसते.

मराठवाड्यात वाढलेल्या श्रोत्याला हे परके वाटू नये, कारण आपल्याकडे अखंड हरिनाम सप्ताहात पहारा बदलतो, विणेकरी बदलतो, पण वीणा खाली ठेवली जात नाही. (भक्तीचा भाग वेगळा, हे मान्यच.)

ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या १९६९ च्या ‘इन अ सायलेंट वे’ या ध्वनिमुद्रिकेत तर निर्माते टिओ मॅसेरो यांनी ध्वनिफीत कापून सुरुवातीचाच भाग शेवटी पुन्हा जोडला, म्हणजे आपण ज्याला उत्स्फूर्त समाधी समजतो, तिचा काही अंश संकलनात घडलेला आहे. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून ‘काहीच होत नाही’ म्हणणाऱ्यांनी मात्र आधी बरे हेडफोन घ्यावेत, कारण ज्या बेसवर हा सारा परिणाम उभा आहे, तो तिथे जेमतेम ऐकू येतो.